थिअरी, हातातलं काम आणि इंजिनिअरिंगची नोकरी: बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी लागली की उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पोरं भेटायला येतात. कुणी खानापूरचं, कुणी निपाणीचं, कुणी येळ्ळूरचं. बरोबर वडील नाहीतर मामा असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे. माझं काम मशीन शॉप आणि ओतकामातलं, त्यामुळे त्या बाजूची उत्तरं लांब आणि बाकीची आखूड होतील.

थिअरी महत्त्वाची की प्रॅक्टिकल?

एका जॉबवरून, म्हणजे मशीनवर घेतलेल्या एका तुकड्यावरून सांगतो. बीडाचं (ओतीव लोखंडाचं) हाउसिंग आहे, त्यात १०० मिलिमीटरचं बोअर म्हणजे गोल भोक, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच७. म्हणजे बोअर १००.००० ते १००.०३५ यांच्या मध्ये बसलं पाहिजे. दुपारच्या पाळीत ऑपरेटरने फिनिश कट घेतला आणि जॉब चकमध्ये (मशीनच्या पकडीत) असतानाच बोअर गेज लावला. रीडिंग आलं १००.०१५. जॉब ओके म्हणून पुढे गेला. सकाळी क्वालिटीत तोच जॉब ९९.९९३ भरतो, गो गेज (भोक पुरेसं मोठं आहे का ते तपासायचा ठोकळा) आत जात नाही. मग क्वालिटीवाला म्हणतो ऑपरेटरला मोजता येत नाही, ऑपरेटर म्हणतो तुमचा गेज बिघडलाय.

गेज ठीक आहे आणि ऑपरेटरनेही नीटच मोजलंय. कट घेतल्यावर जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम होता. बीड एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन प्रसरण पावतं. १०० मिलिमीटरला २० अंशांत २२ मायक्रॉन होतात. रात्री जॉब थंड झाला आणि बोअर तेवढंच आवळलं. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे ते यासाठीच.

हे गणित पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) फिजिक्समधलं आहे, सगळ्यांना येतं. पण ज्या मुलाने गरम जॉबला कधी हात लावलेला नाही, त्याला ते इथे वापरायचं हे सुचत नाही. उलट जुना ऑपरेटर सूत्र न शिकताही सवयीने बोअर थोडं मोठं ठेवतो, कारण सकाळी जॉब कमी भरतो हे त्याने पाहिलेलं असतं. त्याची सवय बीडावर चालते. एक दिवस ॲल्युमिनियमचा जॉब येतो. ॲल्युमिनियम बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि त्याचा अंदाज चुकतो.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. काम बघा, त्याचा हिशेब कागदावर मांडा, आणि कामावर परत जाऊन तो जुळतो का ते तपासा. जुळला नाही तर का नाही ते शोधा. निम्मी थिअरी आणि निम्मं प्रॅक्टिकल अशी वाटणी करण्यापेक्षा ही फेरी चालू ठेवणं महत्त्वाचं आहे.

कॉलेजमध्ये लॅब असतेच. मग कारखान्यात वेगळं जायची गरज काय?

लॅबमध्ये उत्तर आधीपासून माहीत असतं. जर्नलमध्ये काय रीडिंग यायला हवं ते मागच्या बॅचच्या वहीत लिहिलेलं असतं. कारखान्यात तसं नसतं. तिथे जॉब बिघडलेला असतो आणि कारण कुणालाच ठाऊक नसतं.

तरी लॅबला कमी लेखू नका. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर सळई तुटताना पाहणं, तिची मान बारीक होते ती जागा बोटाने चाचपणं, हे कारखान्यात सहसा मिळत नाही. लॅबमध्ये चारजणांच्या गटात एकजण रीडिंग घेतो आणि तिघे उतरवून घेतात. तुम्ही रीडिंग घेणारे व्हा.

उद्यमबागेत आमच्यासारख्यांना आत कोण घेणार? ओळख लागते का?

ओळख असली तर काम लवकर होतं, नसली तरी होतं. आपल्या भागातल्या मुलांचं भाग्य हे की कॉलेज आणि कारखाना यांच्यात अंतर नाही. गोगटे इन्स्टिट्यूट आणि केएलईचं शेषगिरी कॉलेज ही दोन्ही उद्यमबागेतच आहेत. कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलात की फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक सिलिंडर आणि पंप बनवणारे कारखाने, पॅटर्न बनवणारे, हीट ट्रीटमेंटवाले सगळे आजूबाजूला. मच्छेला, होनग्याला, काकतीला तसंच. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. निपाणीच्या मुलाला कागल आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी बेळगावपेक्षा जवळ पडते. पुण्या-मुंबईच्या कितीतरी कॉलेजांतल्या मुलांना भट्टीतून धातू ओतताना पाहायला औद्योगिक सहलीची वाट पाहावी लागते.

मोठ्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी थांबवते, तिथे कॉलेजचं पत्रच लागतं. सुरुवात लहान शेडपासून करा. पाच-दहा माणसांच्या शेडमध्ये मालक स्वतः हजर असतो. सकाळी मशीन लावायच्या गडबडीत जाऊ नका, जेवणाच्या सुट्टीनंतर जा. "मला इंटर्नशिप द्या" असं म्हणण्यापेक्षा नेमकं सांगा: "मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत रोज चार तास येतो, मोजमाप आणि साफसफाई काहीही सांगा, मला पगार नको, मशीनच्या पाठीशी उभं राहू द्या." बऱ्याच जणांना पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळतो. तिसऱ्या ठिकाणी जायचं.

आत गेल्यावर कामगारांना मामा, काका म्हणा. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून खुर्ची शोधू नका. आणि कुणाचा हात रिकामा असेल तेव्हाच प्रश्न विचारा, चालू मशीनवर माणसाचं लक्ष वेधू नका.

फाउंड्रीत गेलो तर पुस्तकातलं नेमकं काय दिसेल?

हा प्रश्न मला फार आवडतो.

साचा भरणाऱ्या मामांना विचारा, "मामा, रायझर इकडंच का लावलाय?" उत्तर येईल, "तिकडं लावला तर ह्या बॉसात खड्डा पडतोय." रायझर म्हणजे गोठणाऱ्या तुकड्याला धातू पुरवणारा जादा साठा, बॉस म्हणजे तुकड्यावरचा जाड उंचवटा. मामांचं बरोबर आहे. आता घरी येऊन च्वोरिनोव्हचा नियम (Chvorinov's rule) काढा. ओतलेला तुकडा गोठायला लागणारा वेळ हा त्याच्या आकारमानाला पृष्ठभागाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १०० मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा घ्या, भागाकार १६.७ येतो. १०० बाय १०० बाय २० ची प्लेट घ्या, ७.१ येतो. वर्गांचं गुणोत्तर साडेपाचच्या आसपास. म्हणजे प्लेट गोठून गेल्यावरही ठोकळा बराच वेळ आतून पातळ असतो. गोठताना तो आकसतो, आणि तेव्हा पातळ प्लेटच्या वाटेने धातू येऊ शकत नाही, कारण ती वाट आधीच बंद झालेली असते. म्हणून जाड भागाजवळ, त्याहून उशिरा गोठेल असा रायझर द्यायचा. मामा ज्याला खड्डा म्हणतात त्याचं हे गणित.

पण इथे थांबू नका. स्टीलला जेवढा रायझर लागतो तेवढा बीडाला लागत नाही, हे तुम्हाला त्याच फाउंड्रीत दिसेल. बीड गोठताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर येतो आणि ग्रॅफाइट जागा जास्त व्यापतं, त्यामुळे आकसणं काही प्रमाणात भरून निघतं. साचा कच्चा ठोकला असेल तर मात्र ते फुगणं साच्यालाच ढकलतं आणि फायदा हातचा जातो. म्हणून साच्याच्या ठोकणीला मामा इतकं महत्त्व देतात.

मग भट्टीजवळ जा. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट (धातूत कोणता घटक किती टक्के आहे तो तक्ता) बघायला मागा. कार्बन इक्विव्हॅलंट काढा: कार्बन अधिक, सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ असेल तर उत्तर ४.१२ येतं. ४.३ पासून हे जसं खाली जातं तसं पातळ कडांना चिल होण्याची भीती वाढते. कडा पांढऱ्या आणि कडक होतात आणि मशीन शॉपमध्ये टूलची टोकं उडतात. मशीन शॉपवाले फाउंड्रीला बोल लावतात तो बऱ्याचदा याच कारणाने. ही साखळी एकदा डोळ्यांनी पाहिली की मटेरियल सायन्सच्या पेपरात लोह-कार्बन आकृती पाठ करायची वेळ येत नाही.

वाळूसाठी डोळे, हात आणि मीटर तिन्ही वापरा. मूठभर वाळू दाबून मोडली की ती धारदार तुटते की भुगा होते यावरून जुनी माणसं ओलावा सांगतात. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओल्या वाळूत) ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. जास्त झाला तर वाफ धातूत शिरते आणि ब्लो होल (वाफेने पडलेली पोकळ भोकं) येतात. हाताने अंदाज करा, मग मॉइश्चर टेस्टरवर बघा, पुन्हा हाताने करा. काही दिवसांत हात जुळायला लागतो. पावसाळ्यात बेळगावची हवाच ओली असते, तेव्हा हा सराव नक्की करा.

मिस्त्रीला जर एवढं सगळं येतं, तर डिग्री कशाला?

मिस्त्रीला जे येतं ते त्याने आयुष्यभर हाताळलेल्या जॉबांपुरतं येतं, आणि तेवढ्यात तो तुमच्यापेक्षा कायम पुढे राहील. नवीन जॉब आला, वजन दुप्पट झालं, ग्राहकाने ग्रेड बदलली, की अंदाजाच्या जागी हिशेब लागतो. तो करणं तुमचं काम. दोघांनी एकमेकांचं ऐकलं की पहिल्या ओतीतच माल पास होतो.

आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर रंग सोडले आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते ड्रॉइंग शिकवत होते. नंतर बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन नासते असं त्या काळी शेतकऱ्यांना वाटायचं, नांगर विकला जाईना. लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती हे लोक आवर्जून सांगतात. ड्रॉइंग ते शिकवण्याइतकं जाणत होते हे सांगायचं राहून जातं. नांगराचा फाळ कसा वळवायचा ते कागदावर उतरवता येणं आणि तो फाळ स्वतः ओतवून घेणं, दोन्ही त्यांच्याकडे होतं.

ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे, त्या विश्वेश्वरय्यांचंही बघा. शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, आणि नाव झालं ते खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांमुळे. पाणी चढलं की दरवाजे आपोआप उघडणार आणि उतरलं की मिटणार. उत्प्लावन आणि समतोल एवढंच तत्त्व. धरणावर उभं राहून पुराचं पाणी पाहिल्याशिवाय ते सुचणारं नव्हतं.

आयटीआय, डिप्लोमा की थेट डिग्री?

घरची परिस्थिती आणि मुलाचा कल पाहून ठरवा. तिन्ही वाटा पुढे एकमेकींना मिळतात. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

दहावीला गणितात बरे गुण असतील आणि मशीनची ओढ असेल तर मी डिप्लोमा सुचवतो. मात्र डिप्लोमाहून आलेल्या मुलांना डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी गणित जड जातं, कारण बाकीच्यांनी पीयूसीत कॅल्क्युलस केलेलं असतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात, परीक्षेत येवो न येवो, कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स घरी करून ठेवा. पीयूसीहून आलेल्यांची अडचण उलटी: ड्रॉइंग वाचता येत नाही आणि वर्नियर हातात घेतलेला नसतो. दोघांनी एका बाकावर बसून एकमेकांना शिकवावं, याहून स्वस्त आणि चांगली शिकवणी नाही.

मी मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजीत थिअरी झेपत नाही. काय करू?

सीमाभागातल्या मुलाला तीन भाषांत इंजिनिअरिंग करावं लागतं. पुस्तक आणि परीक्षा इंग्रजीत, शॉपफ्लोअरवर मराठी, कन्नड आणि आता बिहार-ओडिशाहून आलेल्या कामगारांमुळे हिंदी. हे ओझं आहे हे मी मान्य करतो, आणि पहिल्या सेमिस्टरला नापास झालेला मुलगा स्वतःला मठ्ठ समजायला लागतो तेव्हा वाईट वाटतं. तो मठ्ठ नसतो.

संकल्पना आधी मराठीत समजून घ्या. शिअर फोर्स म्हणजे काय ते मित्राला मराठीत सांगून बघा. सांगता आलं तर समजलं. मग तेच चार वाक्यांत इंग्रजीत लिहा, व्याकरणाची चिंता न करता. परीक्षेत आकृती, सूत्र, युनिट आणि पायऱ्या नीट असतील तर साध्या इंग्रजीलाही गुण मिळतात. संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवा, ड्रॉइंगवर त्याच असतात.

कन्नडही शिका. विद्यापीठात कन्नड न येणाऱ्यांसाठी बळके कन्नड (वापरातलं कन्नड) नावाचा विषय असतो. तो पास होण्यापुरता उरकू नका. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनमनशी, गोकाकच्या साखर कारखान्यातल्या फिटरशी त्याच्या भाषेत बोललात तर तो तुम्हाला मशीनचं खरं दुखणं सांगतो. मराठीवरचं प्रेम त्याने कमी होत नाही.

सिव्हिलवाल्यांनी काय पाहावं?

माती आणि पाणी. आपल्या जिल्ह्यात खानापूर-कणकुंबीकडे धो धो पाऊस आणि तांबडी माती, तर अथणी-चिकोडीकडे पाऊस कमी आणि काळी माती. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात. एकाच जिल्ह्यात दोन टोकाचे पाये. उन्हाळ्यात अथणीच्या शेतातली भेग किती खोल जाते ती काठी घालून मोजा, मग सॉइल मेकॅनिक्सचं पुस्तक उघडा.

साइटवर काँक्रीट सैल करायला कामगार वरून पाणी ओततो तेव्हा पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढून ताकद घटते. नुसतं ओरडून उपयोग नाही, सळ्यांच्या गर्दीत काँक्रीट उतरत नाही ही त्याची खरी अडचण आहे. ती मिक्स डिझाइनमध्ये सोडवा, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) वापरा. क्युरिंगचंही (काँक्रीट ओलं ठेवण्याचंही) तसंच. साध्या पोर्टलँड सिमेंटला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किमान ७ दिवस सांगतं, कोरड्या उष्ण हवेत १० पेक्षा कमी नाही. एप्रिलमध्ये रायबागला स्लॅब टाकलात तर हा फरक माहीत असायला हवा.

इलेक्ट्रिकल?

कारखान्याचं वीजबिल मागून घ्या आणि ओळन् ओळ समजून घ्या. १०० किलोवॅटचा भार ०.८ पॉवर फॅक्टरला (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) १२५ केव्हीए मागतो, ०.९५ ला साधारण १०५. कपॅसिटर पॅनेल लावल्यावर बिल कसं बदलतं ते एकदा पाहिलं की फेझर आकृती कायमची समजते.

कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. आम्हाला हे लागू आहे का?

आहे. तुमच्याकडे उलटा दोष जास्त दिसतो: फ्रेमवर्क येतं, पण डेटाबेस हळू का झाला हे सांगता येत नाही, कारण इंडेक्स आतून कसा चालतो ते वाचलेलं नसतं. एखाद्या शेडच्या मालकासाठी स्टॉकचा छोटा प्रोग्रॅम करून द्या आणि तो रोज वापरला जातोय तोवर सांभाळा. दहा हजार नोंदी झाल्यावर जे प्रश्न येतील ते तुम्हाला परत पुस्तकाकडे नेतील.

इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पैसे देऊन मिळतं म्हणतात. घ्यावं का?

घेऊ नका. वडिलांनी ऊस नाहीतर दूध विकून भरलेल्या फीच्या जोरावर तुम्ही शिकता आणि इंटर्नशिपचे महिने तुम्ही स्वतःच्या हाताने फेकून देता. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

पास झाल्यावर लगेच नोकरी मिळाली नाही. अप्रेंटिसशिप म्हणजे कमीपणा का?

अजिबात नाही. १९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्यात १९७३ मध्ये डिग्री आणि डिप्लोमावाल्यांचा समावेश झाला. राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करायची, एक वर्षाचं प्रशिक्षण, स्टायपेंड मिळतो आणि त्यातला किमान दराचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. पोर्टल देशभराचं असल्यामुळे बेळगावात करा नाहीतर कोल्हापूरला. फक्त एका गोष्टीवर अडून बसा: वर्षभर एकाच टेबलावर डेटा एंट्री करायला लावत असतील तर विभाग बदलून मागा. कायद्याने तुम्ही शिकायला आलेले असता.

शिकायला महाराष्ट्रात जावं का?

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी पात्रता ठेवलेली आहे. गावाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत धावपळ होते. नेमकी अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. सांगलीचं वालचंद किंवा पुण्याचं सीओईपी मिळत असेल तर जरूर जा. पण घरापासून तासाभरावर चांगलं कॉलेज आणि शेजारी उद्यमबाग असताना, केवळ पुण्यात राहायला मिळावं म्हणून एखाद्या सुमार कॉलेजमध्ये दुप्पट खर्च करू नका.

गेटची तयारी करू की अनुभव घेऊ?

एमटेक किंवा सार्वजनिक क्षेत्रातली नोकरी हवी असेल तर गेट, आणि तिसऱ्या वर्षापासून मन लावून. ती परीक्षा थिअरीचे पाय पक्के करते. "काहीतरी करतोय" असं घरी सांगता यावं म्हणून दोन-तीन वर्षं खोलीत बसून राहणं मात्र मला पटत नाही. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर कामाला लागा आणि संध्याकाळी अभ्यास करा.

नोकरीला लागून काही वर्षं झाली. थिअरी सगळी विसरलो. आता काय?

सगळी परत वाचायची गरज नाही. रिजेक्शनची वही ठेवा. तुमच्या विभागात जो माल नापास झाला त्याचा फोटो किंवा स्केच, मोजमाप, सगळ्यांनी सांगितलेली कारणं, आणि खाली तुमचा हिशेब. महिन्याला एकच प्रकरण घ्या, पण तळापर्यंत जा. त्या एका प्रकरणासाठी पुस्तकातला जो धडा लागेल तेवढाच वाचा. असं शिकलेलं विसरत नाही, कारण त्याच्यामागे एक जॉब उभा असतो. आणि ही वही नव्या मुलांना दाखवा. आपल्याकडे अनुभवी माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर सगळं ज्ञानही घरी जातं, याची मला फार हळहळ वाटते.

मुलींना शॉपफ्लोअरवर काम देतात का?

देतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त. सीएनसी प्रोग्रॅमिंग, क्वालिटी, डिझाइन यांत मुली आहेत. जड जॉब तसाही क्रेनने उचलायचा असतो, कुणाच्याच पाठीने नाही. पहिल्या भेटीत स्वच्छतागृह, पाळीची वेळ आणि घरी जायची सोय याबद्दल थेट विचारा. नीट उत्तर न देणारा मालक असेल तर दुसरा कारखाना बघा. आणि तुम्हाला नुसतं ऑफिसात फायली लावायला बसवत असतील तर मशीनवर जायचा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे.

मुलगा रोज तेलकट कपड्यांनी घरी येतो. आम्ही त्याला इंजिनिअर करतोय की कामगार?

वडिलांचा हा प्रश्न मी मनापासून समजू शकतो. ज्यांनी स्वतः शेतात किंवा विडीच्या कारखान्यात हात झिजवले त्यांना मुलाचे हात स्वच्छ हवे असतात. पण ज्या इंजिनिअरने कधी साचा भरलेला नाही, तो कामगाराला अशक्य काम सांगतो आणि होत नाही म्हणून चिडतो. तुमचा मुलगा तसा होणार नाही. संध्याकाळी त्याला एवढंच विचारा, आज काय बिघडलं आणि का. त्याला सांगता आलं तर काळजी करू नका. महिनाभर "काही नाही, झाडू मारला" असंच उत्तर येत असेल तर ते ठिकाण सोडायला लावा.

मुलाखतीत काय विचारतात?

आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न: पंप दाब तयार करतो का? बहुतेक जण हो म्हणतात. पंप तेल ढकलतो, म्हणजे प्रवाह देतो, दाब तयार होतो तो समोरच्या अडथळ्यामुळे. ज्याने टेस्ट बेंचवर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) हळूहळू आवळताना गेजचा काटा चढताना पाहिलाय तो लगेच सांगतो. पुढचा प्रश्न हिशेबाचा: १०० बार आणि मिनिटाला ६० लिटर, किती किलोवॅट? गुणाकार करून ६०० ने भागा, १० येतात. मोटर त्याहून मोठी घ्यावी लागते, कारण पंपाची कार्यक्षमता शंभर टक्के नसते. ही शेवटची गोष्ट न विचारता सांगणारा मुलगा आम्हाला हवा असतो.

शॉपफ्लोअरवर पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

सेफ्टी शूज, सुती फुल पँट, स्टीलची पट्टी, खिशात मावेल अशी वही आणि पेन. अंगठी, गळ्यातली साखळी, मनगटाचा दोरा घरी ठेवा. शर्ट खोचलेला, केस बांधलेले. फिरत्या लेथवर किंवा ड्रिलवर हातमोजे घालू नका, कापड अडकलं तर हात आत ओढला जातो. भट्टीजवळ कधीही सिंथेटिक कपडे नकोत आणि ओतकाम चालू असताना ओल्या जमिनीजवळ उभं राहू नका, पाण्यावर पडलेला धातू उसळतो. पाळी सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, म्हणजे ऑपरेटर मशीन कसं चालू करतो, आधी काय तपासतो, तेल कुठे घालतो हे पहिल्यापासून बघायला मिळेल.